वांगानुई नदीवरच्या नावाडीदादांना

आदरणीय दादा,

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीत लिहिते आहे. बाबांचा तसा आग्रह आहे. "आभार आपल्या भाषेत मानायचे, मग त्यांना समजावून सांग," असं ते म्हणाले. इंग्रजी प्रत पिपिरिकीच्या धक्क्यावर तुम्हाला मिळेलच. पण न्यूझीलंडला आपल्या आईवडिलांना घेऊन येणाऱ्या मराठी माणसांनीही हे वाचावं, म्हणून उघड लिहिते.

मार्चमधला ढगाळ दिवस आठवतोय? गुडघ्याला पट्टा बांधलेले, गांधी टोपीवाले ७४ वर्षांचे आजोबा आणि वेलिंग्टनहून आलेली त्यांची मुलगी, ते आम्ही. बाकीचे प्रवासी तरुण होते. बाबांना बोटीत चढवतानाच मला धाकधूक होती की यांच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होणार. तुम्ही मात्र त्यांना थेट तुमच्या शेजारच्या जागेवर बसवलंत.

बाबांनी आयुष्यभर सांगलीला पाटबंधारे खात्यात नोकरी केली. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती फुटांवर गेली, हे आमच्या घरात जेवणाच्या आधी बोललं जायचं. त्यामुळे बोट पाहताच त्यांचा पहिला प्रश्न होता, "याला खाली पंखा कुठंय?" तुम्ही हसून सोडून दिलं नाहीत. मागचं झाकण उघडलंत आणि दाखवलंत: तळाच्या जाळीतून पाणी आत ओढायचं, आतल्या चक्रानं त्याला जोर द्यायचा, मागच्या तोंडातून झोतानं फेकायचं. झोताचं तोंड वळवलं की बोट वळते. "म्हणजे हा पंपच की!" बाबा म्हणाले. तुमच्याच देशातल्या बिल हॅमिल्टन नावाच्या शेतकऱ्यानं १९५० च्या दशकात उथळ, खडकाळ नद्यांसाठी हे जमवलं, हे ऐकून तर ते फार खूश झाले. शेतकऱ्यानं केलं, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

मग एका वळणावर तुम्ही वेग कमी करून बोट कड्याला लावलीत. दोन्ही बाजूंना ओले नेचे लोंबत होते. करड्या मऊ दगडात ओळीनं भोकं होती. माओरी लोक होड्या प्रवाहाविरुद्ध नेताना बांबूसारखे लांब दांडे कड्याला रोवायचे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी टेकून ती भोकं पडली. बाबांनी त्यात बोट घातलं. आमच्या गावच्या विहिरीच्या कठड्यावर दोरानं पडलेल्या खाचा आहेत, त्यांची आठवण त्यांनी काढली आणि मी ती तुम्हाला सांगितली. तुम्ही म्हणालात, "मग यांना ही नदी कळली."

तिथंच बाबांनी खिशातून नाणं काढलं. एसटी कृष्णेच्या पुलावर आली की हात जोडून नाणं टाकायचं, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. मला अवघडल्यासारखं झालं, कारण तुम्ही माओरी, ही नदी तुमची पूर्वज आहे, तिथं आपण परके. तुम्ही रागावला नाहीत. इंजिन बंद केलंत, नाणं त्यांच्या मुठीत परत मिटवलंत आणि त्यांचा हात धरून पाण्यात बुडवलात. मग तेच पाणी त्यांच्या कपाळाला लावलंत. "को औ ते आवा, को ते आवा को औ." मी नदी आहे, नदी मी आहे. नेच्यांवरून थेंब पडत होते तेवढाच आवाज. बाबा कितीतरी वेळ बोलले नाहीत.

२०१७ च्या मार्चमध्ये तुमच्या संसदेनं या नदीला कायद्यानं व्यक्ती मानलं. त्याच महिन्यात आमच्या उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेबद्दल तसाच निकाल दिला. त्याला पुढं जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. तुमच्या लोकांनी मात्र १८७० च्या दशकापासून हा लढा चालवला होता, हे तुमच्याकडून ऐकताना मला आमची घाई जाणवली.

आता जंगलातल्या त्या एकाकी पुलाबद्दल. मांगापुरुआच्या धक्क्यावर बोटीतून उतरून चाळीस मिनिटांची चाल. मी बाबांना बोटीतच थांबा म्हणत होते. तुम्ही म्हणालात, आपण सगळ्यांच्या आधी निघू, सावकाश जाऊ. निम्म्या वाटेवर बाबांच्या बुटाचा तळ सुटला. चिखलात ते उभेच राहिले. तुम्ही खिशातून दोरी काढलीत, खाली गुडघे टेकून बुटाला चार वेढे घातलेत आणि बोट बांधतात तशी गाठ मारलीत. वडीलधाऱ्या माणसाच्या पायाशी बसताना तुम्हाला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९१७ पासून मांगापुरुआच्या खोऱ्यात जमिनी दिल्या. काँक्रीटचा पूल १९३६ मध्ये झाला, तोवर बरीच कुटुंबं उठून गेली होती, आणि १९४२ मध्ये खोरं ओस पडलं. जंगलाच्या मधोमध एकटाच उभा पूल. बाबांनी कठड्यावर हात ठेवून कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचं सांगितलं, आणि तिथलं पाणी विजेसाठी सह्याद्री ओलांडून पश्चिमेला नेतात तेही. तुम्ही म्हणालात, आमच्या नदीचंही वरच्या अंगाचं पाणी तोंगारिरोच्या वीजप्रकल्पाकडे वळवलंय. मी भाषांतर करत होते, पण तुम्हा दोघांना माझी फारशी गरज नव्हती.

परतीच्या वाटेवर बाबा तुमच्या खांद्यावर हात ठेवून आले. बोटीतल्या एकानंही घड्याळ पाहिलं नाही, त्यांचेही आभार.

बाबा सांगलीला परतले आहेत. मी नवे बूट घेऊन दिले, तेच वापरतात. जुना बूट अजून दाराशी ठेवलाय, दोरीसकट. आई म्हणते टाकून द्या. ते म्हणतात, गाठ सोडायची नाही.

तुमची,
सांगलीच्या आजोबांची लेक