ताणाचा लेख आणि पाच उपायांची चौकट

संपादक महोदय,

युद्धग्रस्त भागांत काम करणाऱ्या मदत कर्मचाऱ्यांच्या ताणावरचा कालचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल मनापासून आभार. पण शेजारची 'पाच उपायां'ची चौकट पाहून संताप आला. दीर्घ श्वास, रोजनिशी, पुरेशी झोप. म्हणजे ताण हा त्या माणसाचाच दोष आणि तो त्यानेच निस्तरायचा!

दक्षिण सुदानमध्ये बेंटिऊ येथे युद्धामुळे विस्थापित झालेल्यांच्या छावणीत मी परिचारिका होते. आमचा दुभाषा स्वतः तिथल्या नुएर जमातीचा, त्याच छावणीत जीव वाचवून आलेला. बायका आपल्यावर गुदरलेले सांगत आणि तो ते त्यांच्याच तोंडचे म्हणून आम्हाला सांगे : 'माझ्या मुलाला माझ्यासमोर मारले.' सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. काम संपले की तो पुन्हा त्याच माणसांत राहायला जाई. धान्य कमी पडले की शेजारी त्यालाच जाब विचारत.

आम्हा परदेशी कर्मचाऱ्यांना ठरावीक आठवड्यांनी विश्रांतीची रजा, विमानाचे तिकीट, समुपदेशकाशी बोलण्याची सोय. तो रोजंदारीवर, म्हणून त्याला यातले काहीच नाही. बोलताना त्याचे हात थरथरू लागले तेव्हा मी वरिष्ठांना लेखी कळवले. 'करारात बसत नाही', एवढेच उत्तर आले. पुढे त्याने येणे बंद केले, तर त्याची चौकशी करायची सोडून त्याच्या जागी दुसरा मुलगा आणून उभा केला. हे मी अजून माफ करू शकलेले नाही.

तुमच्या लेखात बोलणारे मात्र सगळे बाहेरून गेलेले. २०२४ मध्ये जगभरात ३८० हून अधिक मदत कर्मचारी मारले गेले. त्यांतले बहुतेक त्या त्या देशातलेच होते. रजा आणि उपचार त्यांच्या करारात कधी येणार, हे संस्थांना आणि त्यांना पैसा पुरवणाऱ्या सरकारांना विचारायला हवे होते.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्रात रडणाऱ्या स्थानिक परिचारिकेचा चेहरा इतका स्पष्ट छापायला नको होता. तपासणी नाक्यावर कोणी ओळखले तर तिच्या जिवावर बेतेल. निदान संकेतस्थळावरून तरी ते छायाचित्र आजच काढावे.

– एक माजी मदत कर्मचारी