हेडलाइट सजावट किटमधील अयोग्य सीलंट आणि चुकीच्या सूचनापत्रकाबाबत तक्रार

दिनांक : 7 जुलै 2025
विक्रोळी (पूर्व), मुंबई

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : किटमधील सीलंटमुळे व सूचनापत्रकामुळे ट्रकच्या डाव्या हेडलाइटमध्ये पाणी साचून आतला, उजेड पुढे फेकणारा आरसा खराब झाल्याबाबत.

महोदय,

मी स्वतःचा एकच ट्रक स्वतः चालवून कुटुंबाचा चरितार्थ चालवतो. भिवंडीच्या गोदामांतून नाशिककडे माल नेणे आणि परतताना वाशीच्या बाजारासाठी भाजी आणणे हा माझा नेहमीचा फेरा असून त्यातील बहुतेक प्रवास रात्रीचा असतो. दिनांक 3 मे रोजी कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवरील एका दुकानातून मी आपल्या कंपनीचे ‘घरच्या घरी हेडलाइट सजावट’ असे लिहिलेले किट 1,850 रुपयांना विकत घेतले. दोन्ही हेडलाइट उघडणे, आतील पट्ट्या रंगवणे आणि पुन्हा पाणी शिरणार नाही असे बंद करणे यासाठी लागणारे सर्व साहित्य आत आहे, असे खोक्यावर ठळक छापलेले आहे आणि त्याच भरवशावर मी ते घेतले.

मी दिव्यात काय केले आणि काय केले नाही, हे आधीच स्पष्ट करतो. आतील चमकदार कड्यांना किटमधला मंद काळा रंग दिला आणि काच आतून साफ केली, याखेरीज कोणताही बदल केला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करता येत नाहीत, याची मला जाणीव आहे. म्हणून बल्ब पूर्वीचाच, 24 व्होल्टचा आणि 75/70 वॅटचा एच-4 ठेवला, आरशाला हात लावला नाही आणि वायरिंगही तसेच ठेवले.

रविवार दिनांक 11 मे रोजी मी व माझा मेव्हणा, जो गॅरेजमध्ये काम करतो, अशा दोघांनी दिवे काढून घरी हे काम केले. हीटगनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) कड शेकल्यावर काच चिकटवणारा मूळचा काळा ब्युटिल, म्हणजे रबरासारखा चिकट पदार्थ, मऊ झाला आणि दोन्ही काचा न तडकता सुटल्या. आपल्या पत्रकाप्रमाणे जुना ब्युटिल खरवडून त्याजागी ट्यूबमधील सीलंट, म्हणजे फट बंद करणारा लगदा, भरायचे होते. डाव्या दिव्याची खोबणी तशी साफ करून सीलंट भरताना खोलीभर व्हिनेगरसारखा आंबट वास पसरला. मेव्हण्याने तेव्हाच शंका काढली होती, परंतु ट्यूबवर ‘हेडलाइटसाठी खास’ असे लिहिलेले असल्याने मीच त्याला काम पुढे चालू ठेवायला सांगितले. पत्रकातील सहाव्या सूचनेत ‘मागील बाजूची सर्व भोके सीलंटने बुजवा’ असे म्हटले आहे, म्हणून डाव्या दिव्याची हवा खेळण्याची दोन्ही भोकेही बुजवली. पुढच्या सूचनेप्रमाणे तासाभराने दिवा गाडीवर चढवला. तेवढ्यातच दोन्ही दिव्यांना पुरेल असे सांगितलेली ट्यूब संपली. उजव्या दिव्याचा जुना ब्युटिल अजून काढलेला नव्हता. तोच पुन्हा गरम करून काच दाबून बसवली, क्लिपा लावल्या आणि मागची भोके अर्थातच मोकळी राहिली.

यंदा पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला, आणि एकाच गाडीवरच्या, एकाच पावसात भिजलेल्या या दोन दिव्यांतला फरक आठवड्याच्या आत समोर आला. उजव्या दिव्याच्या काचेवर पहाटे कधीकधी वाफ धरते, पण दिवा लावल्यावर अर्ध्या तासात ती निघून जाते. डाव्या दिव्यात मात्र तळाशी बोटभर पाणी साचले, काचेवरचे थेंब दिवसभर हटेनात आणि जून संपेपर्यंत आरशावर पांढुरके डाग पसरले. हाताने पुसून ते जात नाहीत, कारण आरशावरचा ॲल्युमिनियमचा पातळ थरच खराब झाला आहे.

असे का झाले, हे मला आता समजले आहे आणि आपल्या कंपनीला ते माझ्या आधी ठाऊक असायला हवे होते. आपल्या ट्यूबमधल्यासारखे आंबट वासाचे सिलिकॉन हवेतील ओल घेऊन घट्ट होते आणि घट्ट होताना ॲसिटिक आम्ल बाहेर टाकते. बंद दिव्यात ही वाफ कोंडली की ती आरशाच्या थराला लागते, म्हणून अशा कामाला ब्युटिल किंवा आम्ल न सोडणारे सिलिकॉन वापरावे लागते. शिवाय हे सिलिकॉन पूर्ण घट्ट व्हायला साधारण एक दिवस लागतो, एक तास नव्हे. भोकांचे प्रकरण तर त्याहून गंभीर आहे. दिवा पेटला की आतली हवा तापून फुगते आणि दिवा विझून वर पावसाचे पाणी पडले की ती आकसते. श्वास घ्यायला भोक असेल तर हवा तिथून ये-जा करते. भोक बुजवले तर तीच हवा काचेच्या कडेतील किंवा मागच्या रबरी टोपीतील बारीकशा फटीतून आत ओढली जाते आणि सोबत पाणीही येते. ते पाणी सुकून बाहेर पडायला मग वाट उरत नाही. दिव्याच्या मूळ उत्पादकाने खालच्या दिशेने तोंड करून ठेवलेली ही भोके बुजवायला सांगणे म्हणजे ओल बाहेर ठेवण्याच्या नावाखाली ती आत कोंडणे आहे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी कसारा घाटात रात्री पावसात होतो. डाव्या दिव्याचा उजेड थेंबांवर फुटून समोर पांढरा पडदा धरल्यासारखा झाला होता आणि रस्त्याची डावी कड मला दिसत नव्हती. मागे भरलेला माल आणि पुढे वळण अशा स्थितीत मी गाडी कडेला घेऊन पाऊस ओसरेपर्यंत दीड तास थांबलो. त्यानंतरच्या रात्रीच्या दोन फेऱ्या मी नाकारल्या.

दिनांक 24 जून रोजी मी आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला, तेव्हा ‘घरी उघडलेल्या दिव्याची जबाबदारी कंपनी घेत नाही’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला मान्य नाही. जे किट घरी दिवा उघडण्यासाठीच विकले जाते, ज्याच्या खोक्यावर तसे चित्र आहे, त्याच्या बाबतीत घरी दिवा उघडणे हा ग्राहकाचा दोष कसा ठरतो? मी आपल्या पत्रकातील एकही सूचना मोडली नाही. जिथे ती पाळता आली नाही, तो उजवा दिवा आज शाबूत आहे.

म्हणून किटची किंमत 1,850 रुपये आणि डाव्या दिव्याचा नवा संच बसवण्याचा खर्च 3,400 रुपये, असे एकूण 5,250 रुपये परत मिळावेत, ही विनंती. त्याहून अधिक आग्रहाने मागणे असे की, या बॅचची विक्री थांबवून ट्यूब बदलावी, पत्रकातील सहावी व सातवी सूचना काढावी आणि नवे पत्रक मराठीतही छापावे. माझ्यासारखे अनेक चालक अशी किटे विकत घेतात आणि त्यांतले काही जण आज रात्रीही घाटात असतील.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 84 प्रमाणे योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणाऱ्या उत्पादकावरही जबाबदारी येते, आणि केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू विकत घेणारा या कायद्याने ग्राहकच मानला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन.

काढलेला डावा दिवा, रिकामी ट्यूब आणि सूचनापत्रक मी जसेच्या तसे जपून ठेवले आहे. आपला तंत्रज्ञ रविवारी सकाळी कधीही येऊन ते आणि गाडीवरचा उजवा दिवा शेजारी ठेवून तपासू शकतो.

आपला विश्वासू,
ट्रकमालक व चालक

सोबत : पावतीची प्रत, ट्यूबवरील बॅच क्रमांकाचे छायाचित्र, दोन्ही दिव्यांची छायाचित्रे.