मिरजेच्या तंबोरा घडवणाऱ्या चाचांना, एका धाग्याबद्दल

प्रिय चाचा,

सलाम. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्या शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रमुख पाहुणे होते, मंडपवाले होते, मी तर दोनदा होते. तुम्ही मात्र 'वाद्य : मिरजेहून' एवढेच. प्रुफं मीच तपासली होती, तेव्हा चूक माझी. आताही नाव घालत नाही, ते तुम्हीच नको म्हणालात म्हणून. ("लोक बघायला येतात, काम तसंच पडून राहतं.")

वर्षभर शाळेत विज्ञान रंगमंचावर आणायचं, दर महिन्याला एक विषय, हे खूळ आलं कुठून, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. पोलंडमध्ये कातोवित्से म्हणून कोळशाच्या खाणींचं शहर आहे. २०२४ साली त्याला युरोपची विज्ञाननगरी हा मान मिळाला आणि त्या गावानं वर्षभर विज्ञान साजरं केलं, गाण्यातून, चित्रांतून, रस्त्यावर. वाचलं आणि वाटलं, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं मराठी नाटक उभं केलं, त्या सांगलीत विज्ञान रंगमंचावर का येऊ नये? अख्खं गाव नाही तर एक शाळा. २८ फेब्रुवारीला नारळ फोडला.

हळदीची रांगोळी साबणाच्या पाण्यानं लाल करून दाखवली. पोरींनी पुराचं भारूड बसवलं, त्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची ४५ फुटांची धोका पातळी हेच एक पात्र होतं. २०१९ आठवून मागे बसलेल्या आया एकदम गप्प झाल्या. बाकीचे महिने बरे गेले, एक-दोन तर चक्क फसले.

मग आला ध्वनीचा महिना. मी सतारमेकर गल्लीत येऊन तुम्हाला विचारलं, "एखादा जुना तंबोरा मिळेल का? वाजला नाही तरी चालेल, नुसता दाखवायचाय." तुम्ही कानस खाली ठेवलीत. "न वाजणारा दाखवून काय करणार, बाई?" आजही आठवलं की कान गरम होतात. आणि शनिवारी तुम्ही स्वतः आलात, गवसणीतला तंबोरा मांडीवर घेऊन, एसटीनं.

मुलांना तुम्ही आधी भोपळा वाजवून दाखवलात, हा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा म्हणालात. मग खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या 'सा'ची, तार छेडलीत. ठक्क. कोरडा आवाज. घोडीवर तारेखाली सुती धागा सरकवलात, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तार अशी उमलली की शेवटच्या बाकावरचा आमचा वात्रट कंपू उठून उभा राहिला. "आता बोलती," तुम्ही म्हणालात. एवढंच तुमचं भाषण.

त्याच धाग्यानं सी. व्ही. रामन यांना कोड्यात टाकलं होतं, हे मी तुम्हाला घाईत सांगितलं. आता नीट सांगते. तारेच्या एका सुरात अनेक बारीक सूर मिसळलेले असतात, ते स्वरांश. तार बरोबर मध्यावर छेडली, तर मध्यावर जे स्वरांश स्थिर असतात ते ऐकूच येऊ नयेत, असा जुना नियम. आमचा प्रयोगशाळेतला सोनोमीटर, म्हणजे लाकडी खोक्यावर ताणलेली साधी तार, तो पाळतो. तंबोरा पाळत नाही. वीणेतही हेच दिसल्याचं रामननी १९२१ साली लिहिलं. कारण घोडी सपाट धारेची नाही, तिला बाक आहे. तार त्या बाकावर क्षणाक्षणाला टेकते नि सुटते, आणि न येणारे स्वर जागे होतात. तुम्ही ज्याला जवारी म्हणता ती हीच. मुलांनी मोबाइलवर त्या आवाजातल्या स्वरांशांचा आलेख काढला. मध्यावर छेडलं तरी सगळी शिखरं हजर!

स्वयंभू गंधार, म्हणजे खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा 'ग', तोही त्यातच सापडला. काळी एक पट्टीचा खर्ज ६९.३ हर्ट्झ, त्याची पाचपट ३४६.५. पेटीचा गंधार ३४९ च्या पुढे. दोन्ही एकदम वाजवले तेव्हा आवाजाला सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे आले आणि एक मुलगी म्हणाली, "बाई, पेटी खोटं बोलते." मला हसू आलं, कारण आपल्याच सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी शंभरावर वर्षांपूर्वी बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले सूक्ष्म स्वर, मोजताना हेच भांडण मांडलं होतं, आणि त्यांच्या प्रयोगांना गळा दिला होता मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी. हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. ऐकलं मात्र त्या शनिवारी, पहिल्यांदा. वीस वर्षं ध्वनी शिकवल्यावर.

तुमचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे, हे तुम्ही चहाच्या वेळी सांगितलंत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दल विचारलं तर म्हणालात, "चांगलं झालं. पण पोरगं कानस हातात धरेल तेव्हा खरं." मी गप्प बसले.

गाडीभाडंसुद्धा घेतलं नाहीत. मागितलंत काय, तर मुलांनी काढलेल्या त्या आलेखाचा कागद. तो मोठा छापून घेतलाय. शाळेनं वर्गणी काढून घेतलेल्या तंबोऱ्याची जवारीही रोजच्या हाताळणीनं बिघडलीय. मंगळवारी दोन्ही घेऊन येते. या वेळी मजुरी घ्यायची, नाहीतर मी उंबऱ्यावरूनच परत फिरेन.

तुमची,
सांगलीची विज्ञानाची बाई