लॅपटॉप पुसण्याआधी एवढं वाच

नाशिक, रविवार रात्र

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

काल फोन ठेवताना तू म्हणालास, "उद्या सगळं पुसतो आणि पहिल्यापासून परत टाकतो." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तुझा लॅपटॉप उघडतच नाही, म्हणून हे पत्र वहिनींच्या मोबाईलवर पाठवतोय. मोबाईल शेजारी उभा ठेव आणि सावकाश एकेक करत जा. पण पुसू नकोस.

तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगतो. 2019 साली मी पहिल्यांदा लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकलं तेव्हा माझंही नेमकं हेच झालं होतं. पासवर्ड दिला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि परत तीच लॉगिनची खिडकी. दोन रात्री झटलो, तिसऱ्या दिवशी वैतागून पुन्हा इन्स्टॉल केलं. 'डिस्क पुसा' या पर्यायावर खूण होती, ती न वाचताच पुढे गेलो. आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग होम फोल्डरमध्ये, म्हणजे आपल्या फायली राहतात तिथे, होतं. दुसरी प्रत नव्हती, आणि आई आदल्या वर्षीच गेली होती. लॉगिन होत नव्हतं तरी त्या ओव्या डिस्कवर शाबूत होत्या रे. मीच माझ्या हाताने त्या पुसल्या.

तुझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनांचे फोटोही आत्ता असेच शाबूत आहेत. खात्री हवी असेल तर ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलंस तोच लावून लॅपटॉप सुरू कर. इन्स्टॉलच्या चिन्हाला हात लावू नकोस, नुसता फाइल मॅनेजर उघड. डावीकडे तुझं लिनक्सचं पार्टिशन (डिस्कचा त्याला दिलेला भाग) दिसेल, त्यात 'होम' आणि होममध्ये तुझ्या नावाचं फोल्डर. सगळे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घे. पुढचं सगळं त्यानंतर.

आता दुखण्याकडे येऊ. तू म्हणतोस पासवर्ड विसरलो. मला तसं वाटत नाही. पासवर्ड चुकला असता तर मिंटने तसं लिहून दाखवलं असतं. तुझा पडदा काळा होतो, म्हणजे कुलूप उघडतंय. आत पाऊल टाकताच काहीतरी तुला बाहेर ढकलतंय. लॉगिन होताना तुझ्या होम फोल्डरमध्ये काही बारक्या फायली लिहाव्या लागतात. त्या लिहिता आल्या नाहीत तर डेस्कटॉप सुरू होता होताच मरतो आणि तू परत दारात.

लिहिता का येत नसाव्यात? माझा संशय जागेवर आहे. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला म्हणून तू मिंट शेजारी टाकलंस, त्याला दिलेस फक्त 30 जीबी. मिंटवाले स्वतः 100 जीबी सुचवतात. त्यात स्वागताच्या खिडकीने सांगितलं म्हणून टाईमशिफ्ट (सिस्टिमच्या प्रती काढून ठेवणारं साधन) लावलंस. त्याची पहिली प्रत जवळजवळ अख्ख्या सिस्टिमएवढी असते आणि ती त्याच पार्टिशनवर बसते. वर अपडेट्स, वर फोटो. जागा भरली. तरी मशीन सुरू होतं, कारण ईएक्सटी4 या लिनक्सच्या डिस्क-मांडणीत साधारण 5 टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य मालकासाठी, राखून ठेवलेली असते. सिस्टिम त्या राखीव जागेवर चालते, तुला मात्र एक ओळसुद्धा लिहिता येत नाही. बाहेरून सगळं धडधाकट दिसतं ते यामुळेच.

आता खात्री करू. पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप परत सुरू कर. लॉगिनच्या खिडकीवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाब (नाही चाललं तर सोबत एफएन). काळा पडदा येईल, 'लॉगिन' लिहिलेला. नाव टाकण्याआधी तिथे पासवर्डमधलं ॲट चिन्ह टाईप करून बघ. त्याऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह उमटलं तर कीबोर्ड ब्रिटिश लावला गेलाय आणि ॲट एंटरशेजारच्या अवतरणचिन्हाच्या कीवर, शिफ्टसकट, सापडेल. ते खोडून तुझं नाव लहान अक्षरांत टाक, मग पासवर्ड. तो टाईप होताना टिंबसुद्धा दिसत नाही, घाबरू नकोस.

आत गेलास की इंग्रजी अक्षरांत टाईप कर: डी, एफ, स्पेस, वजाचं चिन्ह, एच, स्पेस, उजव्या शिफ्टशेजारची तिरकी रेघ. एंटर. शेवटाकडे टक्का दिसेल. तो 100 असेल तर निदान पक्कं.

मग सुडो (म्हणजे रूटच्या अधिकाराने), स्पेस, टाईमशिफ्ट, स्पेस, आणि पुढे दोन वजा जोडून 'डिलीट', एक वजा, 'ऑल'. एकच प्रत काढलीस तर फारशी जागा सुटणार नाही, कारण न बदललेल्या फायली सगळ्या प्रतींत सामाईक असतात. म्हणून सगळ्याच काढ. यात तुझे फोटो जात नाहीत, टाईमशिफ्ट मुळात होम फोल्डर वगळतं. त्यानंतर सुडो एपीटी क्लीन, म्हणजे उतरवलेल्या पॅकेजांचा ढीग जाईल. आणि इंटरनेटवर कुणी 'आरएम' ने (म्हणजे फायली पुसायच्या आज्ञेने) सुरू होणारी ओळ दिली तर ती मला विचारल्याशिवाय टाकू नकोस, एवढं माझं ऐक. शेवटी रीबूट.

टक्का 100 नसेल तर होम फोल्डर किंवा त्यातली एखादी फाइल रूटच्या नावावर गेली असेल. ते मी उद्या फोनवर सोबत राहून बघतो, एकटा करू नकोस. आणि पासवर्ड खरंच विसरला असशील तर रिकव्हरी मोडमधून नवा देता येतो. फक्त इन्स्टॉल करताना होम फोल्डर एन्क्रिप्ट (पासवर्डने कुलूपबंद) केलं होतंस का ते आधी आठवून सांग, कारण तसं असेल तर नव्या पासवर्डने फायली उघडत नाहीत.

उघडलं की टाईमशिफ्टला एकच प्रत ठेवायला सांग, किंवा लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली वेगळी डिस्क दे. पार्टिशन वाढवायचं काम दिवाळीत मी मिरजेला आलो की दोघं बसून करू.

मी एक वाजेपर्यंत जागा आहे. तो टक्का दिसला की पडद्याचा फोटो काढून पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन