छत धातूचे नसेल तर अँटेना कोणता?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वाहनावर संदेश पाठवण्या-घेण्याचा हौशी रेडिओ बसवणारे बहुतेकजण संचाची शक्ती किती वॅट हे बारकाईने पाहतात, पण अँटेना हाताला लागेल तो घेतात, याची मला मनापासून खंत वाटते. पाव तरंगलांबीचा, म्हणजे रेडिओलहरीच्या लांबीच्या चौथा हिस्सा उंचीचा, साधा अँटेना एकटा काम करत नाही. त्याचा उरलेला अर्धा भाग म्हणजे खालचा धातूचा पत्रा असतो. १४५ मेगाहर्ट्झला दांडी सुमारे अर्धा मीटर लांब असते आणि तिच्याभोवती सर्व बाजूंना साधारण तेवढाच पत्रा लागतो. फायबरच्या छतावर किंवा मोटारसायकलवर तो कुठून मिळणार?

माझ्या फायबर छताच्या गाडीत असाच अँटेना लावला, तेव्हा एसडब्ल्यूआर मीटरचा (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा; १ म्हणजे उत्तम) काटा ३ च्या पुढे गेला आणि केबल हातात धरताच तो हलू लागला. पत्रा नसल्यामुळे केबलचे बाहेरचे आवरणच अँटेनाचे काम करत होते.

अशा वाहनासाठी तळाशी जुळणीचे कॉइल (अँटेना संचाशी जुळवणारे तारेचे वेटोळे) असलेला अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना निवडावा. त्याच्या तळाशी विद्युतप्रवाह फारच कमी असल्याने त्याला पत्र्याची गरज जवळजवळ नसते. मात्र त्याची उंची सुमारे एक मीटर होते, हे बसवण्याआधी लक्षात घ्यावे. पाच-अष्टमांश तरंगलांबीचा अँटेना अधिक लांब असला तरी त्याला पत्रा लागतोच, आणि नेमकी इथेच अनेकांची फसगत होते. ४३५ मेगाहर्ट्झला मात्र पाव तरंगलांबीची दांडी लहान असल्याने १७ सेंटिमीटर त्रिज्येचा पत्रा छताखाली आतून चिकटवला तरी भागते.

आपला,
एक हौशी रेडिओचालक