समुद्रफेन मिळाले

पुणे,
आश्विन पौर्णिमा

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही रात्रीच्या गाडीने पाठवलेला खोका काल सकाळी मिळाला. वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेल्या बावीस समुद्रफेनांपैकी, म्हणजे माकूल या समुद्री जिवाच्या पाठीतल्या तुकड्यांपैकी, चार प्रवासात मोडले, पण उरलेले अठरा इतके कोरडे आणि जाड आहेत की ते निवडण्यासाठी तुम्ही किती वेळा वाळूत वाकला असाल, हाच विचार आधी मनात आला. आईने मोकळ्या जागेत कोंबलेल्या आमसुलांचा वास सगळ्या खोक्याला लागला आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

गेल्या आठवड्यात नव्या हाराचे छायाचित्र पाहून आई म्हणाली, "असलो दागिनो कोण घालतला गो?" आणि बाबा, तुम्ही म्हणालात की एखादा मासा तरी करायचा होतास, म्हणजे लोकांना समुद्र ओळखता आला असता. मी तेव्हा हसून विषय बदलला. परंतु देवबागेत वाढलेल्या मुलीने समुद्रावरून दागिने घडवायचे आणि त्यांत मासा नाही, शंख नाही, हे तुम्हाला विचित्र वाटत असेल, तर त्याचे उत्तर मी नीट लिहूनच द्यायला हवे.

मासा आपल्याकडे दागिन्यात फार पूर्वीच येऊन बसला आहे. आजीच्या पायांतल्या मासोळ्या आठवा, किंवा कोल्हापुरी साजातली मत्स्य आणि कूर्माची पाने. तो आकार पिढ्यान्‌पिढ्या घडून इतका नेमका झाला आहे की त्यात भर घालण्यासारखे मला काही सुचत नाही. इथल्या एका दुकानदाराने खरे शिंपले चांदीत बसवून देण्याचा आग्रह धरला होता, कारण पर्यटक ते घेतात. मी नकार दिला. प्रवाळाचा तर प्रश्नच नाही. मालवणच्या समुद्रातल्या प्रवाळांना कायद्याचे संरक्षण आहे, तिथे 1987 सालापासून सागरी अभयारण्य आहे, आणि ते पाण्याखाली असतात तिथेच चांगले दिसतात.

समुद्रफेनाचे मात्र वेगळे आहे. माकुलीच्या पाठीतला हा पांढरा तुकडा लाटेबरोबर आपोआप किनाऱ्याला लागतो, नखाने दाबला तर खळगा पडतो, आणि तरीही वितळलेली चांदी क्षणभर झेलण्याइतका तग धरतो. तुम्ही पाठवलेल्यांपैकी एक मी कालच वापरला. तो उभा कापून दोन्ही अर्ध्यांच्या मऊ बाजू काचकागदावर घासून सपाट केल्या, मध्ये नमुना दाबला, वरून चांदी ओतण्यासाठी नरसाळ्यासारखी वाट कोरली, हवा निघून जावी म्हणून सुईने बारीक रेघा ओढल्या आणि दोन्ही भाग तारेने घट्ट बांधले. चांदी 961 अंशांच्या पुढे वितळते. मुशीत ती आरशासारखी फिरू लागली की चिमूटभर सवागी (टाकणखार) टाकून एका दमात ओतायची, कारण हात जरा अडखळला तर धातू निम्म्या वाटेतच थिजतो. (माझे पहिले पाच प्रयत्न असेच वाया गेले होते, हे तुम्हाला तेव्हा सांगितले नव्हते.) ओतल्याबरोबर केस जळल्यासारखा वास सुटतो, साचा आतून काळा पडतो आणि पुन्हा उपयोगाचा राहत नाही. पण तार सोडून दोन्ही भाग उघडले की चांदीवर एकाशेजारी एक अशा वळणदार रेघा उमटलेल्या असतात. त्या मी कोरलेल्या नसतात. माकूल वाढताना आपल्या पाठीत एकेक पातळ थर रचत जाते, त्या थरांच्या त्या रेघा असतात. आणि ओहोटीचे पाणी मागे सरताना आपल्या घरापुढच्या वाळूवर ज्या रेघा सोडून जायचे, त्यांच्याशी त्यांचे इतके साम्य आहे की पहिला तुकडा हातात आला तेव्हा मी बराच वेळ त्याला कानस लावली नव्हती.

कुड्यांची गोष्ट थोडक्यात सांगते. ओहोटीच्या वेळी बारीक खेकडे वाळू चाळून खातात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती किरणांसारख्या मांडून ठेवतात. त्यांवर पाय पडू नये म्हणून मी लहानपणी उड्या मारत चालायची. सोनारांच्या रवाकामात हेच असते. चांदीचे बारीक कण कोळशावर तापवले की वितळून आपोआप गोल होतात, आणि मग ते एकेक करून मांडायचे. खेकड्याची मांडणी पुढच्या भरतीला पुसली जाते. माझी कुडी विकली जाईपर्यंत तरी टिकते.

आता हाराविषयी. आई, तो समोरून पाहिला तर मध्ये जड आणि दोन्ही टोकांना अगदी बारीक दिसतो, म्हणून तुला अर्धवट वाटला असेल. ती रापण आहे. होडी जाळे सोडत समुद्रात अर्धा फेर घेऊन दूरवर पुन्हा किनाऱ्याला लागायची, दोन्ही दोरांना माणसे लागायची, आणि ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ यायच्या; सगळे वजन मधल्या भागात साठत जायचे. बाबा, तुम्ही शाळेतून आल्यावर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून दोराला हात लावायचात आणि वाट्याला आलेले चार बांगडे घेऊन घरी यायचात. तो भार मी हारात आणायचा प्रयत्न केला आहे. मानेवर फक्त दोराइतकी तार राहते, ती छातीकडे येताना जाळीची होते, जाळीचे डोळे बारीक होत जातात, आणि वजन गळ्याच्या हाडांवर येऊन टेकते. आई, छायाचित्रात हे दिसणार नाही. तू गळ्यात घालून पाहा आणि मग कोण घालणार ते विचार.

जिथे ती रापण लागायची, त्या जागी आता धूप थांबवण्यासाठी टाकलेल्या दगडांचा बंधारा आहे. खाडी आणि समुद्र यांच्यामधली आपली पट्टी मुळातच अरुंद, त्यामुळे बंधारा नको असे मला म्हणता येत नाही. पण दगडांवर पाण्याच्या रेघा उमटत नाहीत, म्हणून मी दर खेपेला पुढे संगमाच्या बाजूला चालत जाते.

दिवाळीला मी चार दिवस येत आहे. बाबा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा तुमचा हिशेब मी अजून मोबाइलच्या आधी करते. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दीडच्या सुमारास भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी साडेसातला, पाणी चांगले आत गेलेले असेल. गुडघा बरा असेल तर आपण दोघे संगमापर्यंत जाऊ, नाहीतर तुम्ही खुर्ची घेऊन बंधाऱ्यापाशी बसा, मी जे सापडेल ते आणून दाखवीन. तोवर कृपया एकट्याने वाकून समुद्रफेन गोळा करू नका. अठरा पुष्कळ झाले. आई, हार बरोबर आणते. तो चिंचेने घासू नकोस, रेघांतला काळेपणा मी मुद्दाम ठेवला आहे.

तुमची,
बाय