बॉयलरवाल्या काकांना, लेस्टरहून

प्रिय काका,

तुम्हाला मराठी येत नाही, माहितीये. इंग्रजीत रिव्ह्यू टाकला, पाचच्या पाच स्टार दिले, तरी समाधान होईना, म्हणून हे इथे लिहितेय. इकडे यूकेत राहणाऱ्या आपल्या लोकांनी तरी वाचावं.

आधी त्या कंपनीबद्दल, नाव नाही घेत. सर्व्हिस प्लॅनचे पैसे दर महिन्याला डायरेक्ट डेबिटने बरोब्बर कापायचे, त्यात कधी चूक नाही. पण ऐन जानेवारीत घर गरम ठेवणारा गॅसचा बॉयलर बंद पडायला लागला तेव्हा फोनवर गाणी ऐकत बसा, आणि माणूस आलाच तर खालचा नळ फिरवून पाणी भरणार, प्रेशरचा काटा वर आला की टॅबवर सही घेऊन पसार. सकाळी काटा परत शून्यावर, रेडिएटर बर्फ. शेवटी त्यांनी एक टापटीप कपड्यातला पाठवला, त्याने कव्हरसुद्धा उघडलं नाही आणि म्हणे बॉयलर संपला, ३५ किलोवॅटचा नवा कॉम्बी (रेडिएटर आणि नळाचं गरम पाणी दोन्ही बघणारा बॉयलर) घ्या, आज सही केलीत तर डिस्काउंट. वर सोफ्यावर दोन स्वेटर, शाल, कानटोपी घालून बसलेल्या माझ्या सासूबाईंकडे बोट दाखवून ह्यांना म्हणतो, आईसाठी तरी करा! त्या समोर बसल्यात, पण त्यांच्याशी एक अक्षर नाही, नुसतं बोट. डोक्यात तिडीक गेली माझ्या.

मग ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. तुम्ही दारातच न मागता गॅस सेफचं, म्हणजे गॅसची कामं करायच्या नोंदणीचं, कार्ड दाखवलंत, उलटं करून मागची बाजूपण दाखवलीत, की कुठली कामं करायची परवानगी आहे ते मागे लिहिलेलं असतं. आम्हाला हे माहितीच नव्हतं, आधीच्या एकानेही दाखवलं नव्हतं आणि आम्हीही मागितलं नव्हतं. वाचणाऱ्यांनो, मागत जा.

पण काका, मला खरं लिहायचंय ते त्या स्टुलाबद्दल.

तुम्ही किचनमध्ये बॉयलरचं कव्हर काढलंत आणि सासूबाई कुतूहलाने मागे येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना हळूच म्हणतेय, आई चला, त्यांना काम करू द्या. तर तुम्ही वळून बघितलंत, टेबलाखालचं स्टूल ओढलंत, हाताने पुसलंत, आणि त्यांना नीट दिसेल असं ठेवून स्वतः एका बाजूला सरकलात. बस्स, एवढंच. सांगलीहून आल्यापासून ह्या घरात काहीही बिघडलं की त्यांना कोणी ना कोणी आत जाऊन बसायलाच सांगत होतं. त्या दिवशी त्या पहिल्या रांगेत बसल्या. तुम्ही इंग्रजीत बोलताय, मी मधे मराठी करतेय, त्या मान डोलावतायत. आत तो लाल चपटा डबा असतो, एक्स्पान्शन व्हेसल, त्यातली हवा गेली होती. पाणी तापलं की फुगतं, फुगायला जागा नाही, मग प्रेशर ३ बारला गेलं की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर भिंतीवरच्या तांब्याच्या पाइपातून ठिबकतं आणि थंड झाल्यावर काटा शून्यावर. तुम्ही साधा पंप काढून हवा भरायला लागलात तेव्हा आई म्हणाल्या, "अगं हा तर आपला बंबच, फक्त ह्याला हवा लागते." मी भाषांतर करून सांगितलं तर तुम्ही इतके मनापासून हसलात! मग मार्करने काट्याजवळ दोन रेघा मारल्यात, १ आणि १.५ ला, आणि मार्कर त्यांच्याच हातात दिलात. पुढे रोज सकाळी चहाआधी काटा बघणं हे खातं सासूबाईंकडे, आम्हाला हात लावायची परवानगी नाही.

संपलेला म्हणे बॉयलर! अख्खा हिवाळा चालला. तुम्हीच म्हणालात, जुना आहे, बदलायचाय तर एप्रिल-मेमध्ये सावकाश बदला, थंडीत घाबरून कशाला. बदलायची वेळ आली तेव्हा खोल्या मोजल्यात, खिडक्या बघितल्यात, आणि सांगितलंत की ३५ ची गरज काय, एक बाथरूमचं टेरेस घर (इकडे ओळीतल्या, भिंतीला भिंत लागलेल्या घरांना टेरेस म्हणतात), २४ पुष्कळ झाला. वर बॉयलरऐवजी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता घरात ओढणारं विजेवरचं यंत्र, बसवलं तर त्याला सरकार ७५०० पाउंड देतं तेही बघून घ्या म्हणालात, म्हणजे स्वतःचंच गिऱ्हाईक हातचं घालवायची तयारी. आमच्याकडे मागे बाहेरचं युनिट ठेवायला धड जागा नाही म्हणून बॉयलरच घेतला, पण सांगितलंत हे महत्त्वाचं.

आणि ते रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं ८० वरचं तापमान ५५ ला आणलंत ना, त्यावर घरात भांडण झालं. रेडिएटरला चटका बसत नाही म्हणजे बिघडलाय असं ह्यांचं मत. मग तुमचंच ऐकवलं, परत येणारं पाणी साधारण ५५ च्या खाली असलं तरच धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि ती उष्णता आपल्याला मिळते, नाहीतर कंडेन्सिंग बॉयलर घेऊन ती भिंतीबाहेर फुकट. आता जास्त वेळ चालू ठेवतो, कोमट असतो, पण खोल्या उबदार. ह्यांनी बिल बघितलं आणि गप्प बसले.

हुशार माणसं खूप भेटतात हो इथे. समोरच्या म्हाताऱ्या बाईला भाषा येत नाही म्हणून तिला फर्निचर समजायचं नाही, हे फार थोड्यांना जमतं, आणि ते कुठल्या कार्डाच्या मागे लिहिलेलं नसतं.

वर्षाची सर्व्हिसिंग तुमच्याकडेच, प्लॅन केव्हाच बंद केला. शेजारच्या गुजराती काकूंनाही तुमचा नंबर दिलाय, त्यांच्याकडेही "आजच सही करा"वाला येऊन गेलाय. त्यांचा फोन येईल, जरा लवकर जा त्यांच्याकडे, सही करायच्या बेतात आहेत त्या.

तुमची आभारी,
टेरेसमधली सून (आणि सासूबाईंचा नमस्कार)